कॅलिफोर्नियाची वाईन, द्राक्ष इटलीचं, टेस्टिंग कोल्हापुरात: क्रम आणि जेवण सुचवा

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ आणि भावजय सॅन होजेहून आलेत, माणशी दोन लिटर आणता येतं म्हणून दोघांच्यात मिळून चार बाटल्या आणल्यात. नापाची (कॅलिफोर्नियातला वाईनसाठी नावाजलेला भाग) कॅबरने वगैरे नाही, त्यानं मुद्दाम सगळी इटालियन द्राक्षं निवडलीत. एक व्हर्मेंटिनो (ही पांढरी), एक बार्बेरा अमाडोर काउंटीची, एक सांजोवेझे सोनोमाची आणि एक नेबियोलो सांता बार्बराकडची. आम्ही आजवर जी काय वाईन प्यायलोय ती बहुतेक नाशिकची, शेनिन ब्लां आणि शिराझ, त्यामुळं ही चारी नावं आमच्यासाठी कोरी आहेत.

शनिवारी गच्चीवर आठ जण जमणार. कुठली आधी कुठली नंतर, किती गार करायची (मार्च लागलाय, दुपारी पस्तीसच्या पुढं जातंय), आणि सोबत काय ठेवायचं? घरच्यांचा आग्रह आहे की मटण आणि तांबडा-पांढरा होणारच, पाहुणे इतक्या लांबनं आलेत आणि त्यांना चीज-बिस्किटावर बसवायचं हे आईला मान्य नाही.

अजून एक. आमचा एक मित्र म्हणतोय की नेबियोलो प्यायची तर इटलीतल्या बारोलोची प्यावी, कॅलिफोर्नियाची म्हणजे नक्कल, ती कशाला. मला हे पटत नाही पण का पटत नाही हे नीट मांडता येईना. कुणी यावर सविस्तर लिहिलं तर बरं होईल.

शाहूपुरी_ते_सॅक्रामेंटो

राम राम भावा. अमाडोर माझ्या इथनं गाडीनं तासाभरावर, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही, आणि लांबण लागणार आहे.

आधी नकलेचा मुद्दा. सोनोमात आस्ती नावाचं गाव आहे, इटलीच्या पिडमाँट भागातल्या आस्तीवरनंच नाव पडलेलं. तिथं १८८१ साली आंद्रेया स्बार्बोरोनं इटालियन स्विस कॉलनी काढली, इटलीतनं आलेल्या लोकांना काम मिळावं आणि पुढं जमिनीत वाटा मिळावा म्हणून. एदोआर्दो सेगेझिओ १८८६ ला पिडमाँटहून आला, त्या कॉलनीत राबला, १८९५ ला स्वतःची जागा घेतली आणि १९१० मध्ये सांजोवेझे लावली. त्या मळ्याला चियान्टी स्टेशन म्हणतात आणि अमेरिकेतली सगळ्यात जुनी सांजोवेझे तीच मानली जाते. म्हणजे हे द्राक्ष तिथं शंभर वर्षांहून जास्त काळ उभं आहे, ते लावणारी माणसं ते ओळखूनच लावत होती, घरी प्यायला लावत होती. याला नक्कल कसं म्हणायचं?

मधे मोठा खड्डा पडला हे खरं. १९२० ते १९३३ दारूबंदी होती, घरगुती वाईनपुरती सूट होती म्हणून रेल्वेनं पूर्वेकडं द्राक्षं जायची, पण त्यात जाड सालीची, प्रवासात टिकणारी जातच चालायची, नाजूक द्राक्षं लोकांनी उपटली. बंदी उठल्यावर मोठ्या बरण्यांतल्या स्वस्त वाईनचे दिवस आले, लेबलवर चियान्टी (टस्कनीची सांजोवेझेची वाईन) लिहिलेलं असायचं आणि आत कुठलंही द्राक्ष. या सगळ्यात बार्बेरा तेवढी टिकली, आणि तिचं कारण फार सुंदर आहे: सेंट्रल व्हॅलीच्या भट्टीसारख्या उन्हात बाकीच्या द्राक्षांतला आंबटपणा पार उडून जातो, बार्बेरा तो सोडत नाही. म्हणून कितीतरी वर्षं ती दुसऱ्यांच्या वाईनला आंबटपणा द्यायला मिसळली गेली, नाव न घेता.

मग १९८० च्या दशकात इटलीतल्या टस्कनीच्या अँटिनोरी घराण्यानं नापाच्या वर अॅटलस पीकवर भागीदारीत सांजोवेझे लावली, तिन्यानेलो ही नावाजलेली वाईन करणारे हेच ते, त्यामुळं सगळ्यांचे डोळे तिकडं लागले. रॉबर्ट मोंडावीचे आईवडील इटलीचे, त्यानंही इटालियन द्राक्षांची वेगळी मालिका काढली. ९० च्या दशकात याला कॅल-इटाल (कॅलिफोर्निया-इटालियन) असं नावच पडलं, आणि दहा वर्षांत लाट ओसरली पण. माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी सांजोवेझेला कॅबरनेसारखं वागवलं. जास्त पीक घेतलं, जास्त पिकवलं, नव्या ओकच्या पिंपात घातलं, मग त्यात सांजोवेझे शिल्लक राहिलीच नाही, आणि लोकांनी पैसे देऊन ओकचं पाणी कशाला प्यावं.

आता जे करतायत ते बहुतेक छोटे लोक आहेत आणि मनापासून करतायत. सांता बार्बराकडं पाल्मिना, मेंडोसिनोच्या द्राक्षांवर पिडमाँटच्या जातींचं काम करणारे इडलवाइल्ड, ड्राय क्रीकमधले उंटी, नापात रिबोला जाल्ला आणि रेफोस्को ही इटालियन द्राक्षं करणारे माथियासन. हे लोक लवकर तोडतात, जुनी पिंपं वापरतात आणि आंबटपणा टिकू देतात. भावानं कुठल्या कंपन्यांच्या आणल्यात ते सांग, पण कुठल्याही असल्या तरी क्रम हाच ठेव: व्हर्मेंटिनो, बार्बेरा, सांजोवेझे, नेबियोलो. रंगावर जाऊ नकोस. नेबियोलो दिसायला फिकी विटकरी असणार आणि बार्बेरा गडद जांभळी, पण तोंड आवळणारा टॅनिन नेबियोलोत सगळ्यात जास्त आणि बार्बेरात सगळ्यात कमी. उलटी लावलीस तर नेबियोलोनंतर बार्बेरा पाणचट वाटेल.

मिरजमळा

वरच्या दादांनी लिहिलेलं छान आहे पण एक विनंती, तांबड्या रश्शासोबत हे करू नका. तिखटानं तोंड पेटलं की अल्कोहोल अजून जाळतं आणि टॅनिन कडू लागतो. कॅलिफोर्नियाची वाईन बरेचदा साडेचौदा-पंधरा टक्के अल्कोहोलची असते. इतक्या लांबनं आणलेल्या बाटल्या आहेत, साधा पाव, साधं पाणी ठेवून शांतपणे चाखा आणि जेवण तासाभरानं घ्या. वाईनवाल्या देशात पण टेस्टिंग वेगळं आणि जेवण वेगळं असतं.

चूल_आणि_पाटा

मिरजमळा दादा, तिखटाबद्दल तुम्ही लिहिलंय ते बरोबर आहे पण त्यावरनं काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. इटलीची ही द्राक्षं जेवणाच्या ताटासाठीच वाढवलेली आहेत, एकटी प्यायला घेतली की ती आंबट आणि कोरडी लागणारच, जेवण आलं की उलगडतात. प्रश्न कुठल्या वाईनला काय द्यायचं एवढाच आहे, आणि कोल्हापूरचं मटणाचं ताट म्हणजे नुसतं तिखट असं बाहेरच्यांनी ठरवलंय, आपल्या ताटात चार वेगळ्या चवी असतात हे आपणच विसरतो.

मी नागाळा पार्कात ऑर्डरचं जेवण करते, शिकायला म्हणून वाईनसोबत बरंच जुळवून बघितलंय. रंकाळाकाठ भाऊ, असं करा.

पांढरा रस्सा व्हर्मेंटिनोला. नारळाचं दूध, खसखस, काजू, मटणाचा स्टॉक, सगळं मऊ आणि स्निग्ध, त्याला लिंबाच्या सालीसारखी, किंचित खारट, शेवटी बारीक कडसर वाईन लागतेच. व्हर्मेंटिनो लिगुरिया आणि सार्डिनियाच्या समुद्राकाठची, तिला हे स्निग्ध आवडतं.

तांबडा बार्बेराला, पण दोन अटींवर. एक, त्या दिवशी वरचा कट काढून घ्या आणि लवंगी मिरची कमी करा, तीळ-खोबऱ्याचं वाटण वाढवा. दोन, बार्बेरा गार द्या, नेहमीच्या रेडपेक्षा गार, चौदा डिग्रीच्या आसपास. टॅनिन कमी आणि आंबटपणा जास्त म्हणून ती तिखटाला कडू होत नाही, तेल पण कापते. अल्कोहोल किती आहे ते लेबलवर बघा, पंधराच्या वर असेल तर घोट लहान घ्या.

सांजोवेझेला मटण देऊच नका. तिला टोमॅटो द्या. टोमॅटोची शेंगदाण्याचं कूट घालून केलेली चटणी, वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी. टोमॅटोचा आंबटपणा बहुतेक रेड वाईनला लोखंडी करून टाकतो, सांजोवेझे मात्र स्वतःच आंबट आहे म्हणून त्याच्यासमोर उभी राहते.

आणि नेबियोलोला अळणी मटण. आई रश्शासाठी मटण शिजवतीलच ना, त्यातलं मसाला घालायच्या आधीचं, हळद-मीठ-आलं-लसणातलं, चरबीवालं चार वाट्या बाजूला काढून ठेवायला सांगा आणि वरनं कुटलेले मिरे. टॅनिन मटणाच्या प्रथिनांना धरतो आणि हिरड्यांवरचा त्याचा जोर उतरतो. नेबियोलोच्या जवळ तांबडा रस्सा आणू नका, कुणी कितीही म्हणू दे.

मिरजमळा दादांचं एवढं मात्र ऐका की प्रत्येक वाईनचे पहिले दोन घोट नुसते घ्यायचे. मग ताट.

तासगाव_बाग

सध्या बेदाण्याच्या शेडवर आहे म्हणून उशिरा लिहितोय. वाईनमधलं मला कमी कळतं पण द्राक्षाचं कळतं, आमच्या तीन पिढ्या त्यातच आहेत. नकलेवर मला बोलायचंय.

आपण जी थॉमसन खातो ती मुळात तुर्कस्तान-इराणकडची बिनबियाची जात, कॅलिफोर्नियात एका थॉमसन नावाच्या माणसानं लावली म्हणून ते नाव पडलं, ती आपल्याकडं आली आणि तिच्यातनंच आमच्या तासगावात तास-ए-गणेश निवडून काढली. आज ती आमची आहे. तिला कुणी इराणची नक्कल म्हणतं का? जात बदलत नाही, पण जागा तिच्याकडनं वेगळं काम करून घेते. तुमच्या मित्राला हे सांगा.

जागा काय करते ते पण सांगतो. इथं आपल्याकडं थंडी पडत नाही म्हणून वेल झोपतच नाही, आम्हाला एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी अशी दोनदा करावी लागते, आणि माल जानेवारी ते मार्च. तिकडं हिवाळ्यात पानं झडून वेल झोपतो, छाटणी एकदाच, तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर. आता तुमची नेबियोलो घ्या. मी हिच्याबद्दल वाचलं आणि थक्क झालो, हिचा डोळा लवकर फुटतो आणि फळ सगळ्यात उशिरा पिकतं. म्हणजे हंगाम लांब पाहिजे आणि तरी ऊन टोकाचं नको. गरम जागेत लावली तर साखर आधी भरणार आणि साल-बी कच्चं राहणार, साखर भरली म्हणून तोडावं तर तोंड धरणार, थांबावं तर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) कुठल्या कुठं. सांजोवेझेचं दुखणं वेगळं, साल पातळ, वाढ जोरात, घड एकसारखा रंग धरत नाही. विरळणी केली नाही तर पाणीच. शाहूपुरीवाल्या दादांनी जास्त पीक घेतलं म्हणून लिहिलंय ना, ते शेतकरी म्हणून मला लगेच पटलं. टनावर पैसे मिळणार असले की घड कापून खाली टाकायला हात होत नाही.

खायच्या द्राक्षाला आम्ही अठरा-एकोणीस ब्रिक्सला समाधानी असतो. वाईनला चोवीसच्या आसपास लागते असं कळलंय. तेवढी साखर धरून पण आंबटपणा राखायचा म्हणजे रात्री गारवा पाहिजे. सॅक्रामेंटोवाले दादा, अमाडोरला रात्री गार होतं का?

शाहूपुरी_ते_सॅक्रामेंटो

@तासगाव_बाग होतं काका, सिएरा नेवाडाच्या पायथ्याला आहे ते, दिवसा कडक ऊन आणि संध्याकाळी डोंगरावरनं गार वारा खाली येतो. माती ग्रॅनाइटची भुरभुरीत. सांता बार्बराचं गणित अजून वेगळं. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचे डोंगर बहुतेक उत्तर-दक्षिण आहेत, तिथं मात्र ते पूर्व-पश्चिम आडवे पडलेत, त्यामुळं पॅसिफिकचं धुकं आणि गार वारा थेट आत दरीत शिरतो. दक्षिणेला असून नापापेक्षा गार. म्हणून नेबियोलोला जो लांब हंगाम पाहिजे तो तिथं मिळतो. तुमची विरळणीची गोष्ट इथले जुने बागवाले अगदी याच शब्दांत सांगतात.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, आईला तुमचं अळणी मटणाचं वाचून दाखवलं, ती खूश आहे, म्हणाली हिला कळतंय. एक राहिलं, गार किती वेळ करायच्या आणि ग्लास कसले? घरी सगळे सरळ काठाचे आहेत.

चूल_आणि_पाटा

आईंना नमस्कार सांगा. ग्लास तळाशी फुगीर आणि वर निमुळते पाहिजेत, वास आत धरून ठेवायला. आठ नग भाड्यानं मिळतील, केटरिंगवाल्यांकडं विचारा. घोट साठ-सत्तर मिलीचाच ओता, साडेसातशेच्या बाटलीत आठ जणांना एकदा देऊन जेवणासोबत परत थोडी उरते.

व्हर्मेंटिनो सकाळीच फ्रिजमध्ये. रेड तिन्ही तासभर-दीड तास, बार्बेरा अजून अर्धा तास जास्त. आपल्याकडं रेड वाईन घरच्या तापमानाला प्यायची असं सांगतात ते थंड देशातल्या घराचं तापमान आहे, आपल्या मार्चच्या गच्चीवर नुसती अल्कोहोलची वाफ येईल. नेबियोलो दोन तास आधी उघडून ठेवा, जमलं तर काचेच्या जगमध्ये ओता.

रंकाळाकाठ

झालं टेस्टिंग. सविस्तर लिहितो कारण इथल्या लोकांमुळंच नीट झालं.

व्हर्मेंटिनो पहिल्या घोटाला बायकांना आवडली आणि पुरुष मंडळी गप्प होती. मग पांढरा रस्सा आला आणि सगळ्यांचंच बोलणं बदललं. वाईनमधला तो बारीक कडसरपणा रश्श्यातल्या खसखशीला जाऊन चिकटतो, आणि रस्सा परत प्यावासा वाटतो. ही बाटली सगळ्यात आधी संपली.

बार्बेरा ओतली तेव्हा रंग बघून भाऊजी म्हणाले ही भारी असणार, आणि तोंडात घेतल्यावर लई आंबट म्हणाले. जांभूळ आणि आलुबुखाराचा वास, टॅनिन जवळजवळ नाहीच, लाळ सुटते नुसती. तांबड्यासोबत मी मनातनं भ्यालेलो होतो पण ती टिकली. आईनं तिखट कमी केलं होतं, कट काढला होता, तिळाचं वाटण दाट होतं, आणि वाईन गार होती, हे सगळं जुळलं म्हणून टिकली. ग्लासात राहून जशी गरम होत गेली तसं अल्कोहोल वर यायला लागलं (लेबलवर १५ होतं), तेव्हा मिरजमळा दादांचं म्हणणं पण बरोबर आहे हे सगळ्यांनी मान्य केलं. परत ग्लास बर्फाच्या पाण्यात ठेवले.

सांजोवेझेनं मला स्वतःला सगळ्यात जास्त दिलं. नुसती प्यायली तेव्हा सुकवलेल्या चेरीसारखी, मधेच टोमॅटोच्या झाडाचं पान चुरगाळल्यावर येतो तसला वास, आणि शेवट कोरडा. टोमॅटोची चटणी आणि भाकरीचा घास घेतला आणि वाईन एकदम गोड वाटायला लागली, साखर नसून गोड. वहिनी म्हणाली चटणीपण सुधारली. घरात रोज होणारी चटणी आहे ही.

नेबियोलोला सगळ्यांनी आधी कमी लेखलं, रंगच तसा, ग्लासातनं पलीकडचं दिसतं. वास मात्र गच्चीभर, वाळलेल्या गुलाबाचा, मागं थोडा डांबरासारखा. तोंडात घेतली आणि हिरड्या आवळल्या, दोघांनी ग्लास खाली ठेवला. अळणी मटण खाऊन परत घेतली तर तीच वाईन शांत झाली, गुलाब पुढं आला. एका मित्रानं हट्टानं तांबड्यासोबत घेतली आणि लगेच पाणी मागितलं. ज्यानं नक्कल म्हणलं होतं तो अर्धा तास एकच ग्लास हातात धरून होता, म्हणाला बारोलोपेक्षा हिच्यात फळ जास्त आहे आणि ताण कमी, पण ही नेबियोलोच आहे. तासगावच्या काकांची थॉमसनची गोष्ट त्याला सांगितली, त्यावर तो काही बोलला नाही, मान हलवली.

शिरोळ_नदीकाठ

मस्त वाचलं सगळं. पण मला सांगा आमच्यासारख्यांनी काय करायचं ज्यांचं कुणी अमेरिकेत नाही? दुकानात कॅलिफोर्नियाची असली इटालियन द्राक्षांची वाईन तर दिसत नाही, आणि दिसली तरी आयात करानं किंमत कुठल्या कुठं गेलेली असते.

चूल_आणि_पाटा

अकलूज किती लांब आहे हो? तिथं फ्रातेल्लीवाले सांजोवेझे पिकवतात, आपल्या सोलापूर जिल्ह्यात. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी मिळून काढलेली कंपनी, म्हणूनच नाव फ्रातेल्ली (इटालियनमध्ये भाऊ), आणि वाईन घडवली ती टस्कनीच्या पिएरो मासींनी. नुसती सांजोवेझे घ्या आणि जमलं तर त्यांची सेत्ते, त्यात सांजोवेझे आणि कॅबरने सोव्हिन्यो दोन्ही. सोबत तीच टोमॅटोची चटणी. बार्बेराच्या जागी मात्र आपल्याकडं सरळ पर्याय मला अजून सापडलेला नाही, तांबड्यासोबत मी गार केलेली कोरडी रोझे देते.

शाहूपुरी_ते_सॅक्रामेंटो

ताईंना अनुमोदन. यात अजून एक जोडा, झिनफँडेल. कॅलिफोर्नियाचं स्वतःचं म्हणून मिरवलेलं हे द्राक्ष आणि इटलीच्या पुलियातलं प्रिमितिवो एकच आहे हे डीएनए तपासून सिद्ध झालंय, आणि दोघांचं मूळ क्रोएशियाच्या किनाऱ्यावर २००१ मध्ये सापडलं, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या कॅरोल मेरेडिथ त्या शोधात होत्या. नाशिकच्या सुलानं ते आपल्याकडं लावलंय, सहज मिळतं. लाल घ्या, गुलाबी गोडसर नको.

आणि पुढच्या वेळी कुणी इकडनं बाटली आणणार असेल तर एवढं सांगून ठेवा: अमेरिकेत लेबलवर द्राक्षाचं नाव टाकायला ७५ टक्के ते द्राक्ष असलं तरी चालतं, म्हणून मागच्या लेबलवर उरलेल्यात काय मिसळलंय ते वाचा. सांजोवेझेत बरेच जण कॅबरने किंवा सिराह घालतात, रंग गडद करायला. आपल्याला सांजोवेझेच बघायची असेल तर फिकी असलेली निवडायची. रंकाळाकाठ, भाऊ परत येईल तेव्हा त्याला अॅग्लियानिको (दक्षिण इटलीचं लाल द्राक्ष) आणायला सांग, पासो रोब्लेसकडं मिळते, आणि आईंना विचार सुक्या मटणात मिरे वाढवून मिरची कमी करतील का.